जोड चाकं

“पण तीस वर्षांत पाटी का लावली न्हाई, उस्ताद?”

सिद्राम हे तिसऱ्यांदा विचारत होता. पहिल्या वेळी मौला मिस्त्रींनी उत्तर म्हणून बारा नंबरचा पाना मागितला होता. दुसऱ्या वेळी चहा.

या वेळी ते म्हणाले, “तू कसा आलास इथं?”

“इचारत आलो.”

“कुणाला इचारलंस?”

“जो भेटला त्याला.”

“सांगितलं त्यानं?”

“सांगितलं.”

“मग?”

सिद्राम गप्प बसला. पटलं म्हणून नव्हे. अजून बोललो तर पुन्हा पाना मागतील, म्हणून.

करंजखिंडीच्या पायथ्याशी, चिंचेखाली, मौलांचं गॅरेज होतं. चार खांब, वर पत्रे, खाली उतरायला एक खड्डा आणि कोपऱ्यात धापा टाकणारा हवेचा कॉम्प्रेसर. पाटी नव्हती. त्या रस्त्यावरचे ड्रायव्हर एकाच माणसाला ‘मिस्त्री’ म्हणत, आणि तो माणूस कुठे बसतो हे विचारायची वेळ नवख्यावरच येई.

सिद्राम तिथे अकरा वर्षं होता. इंजिन खोलणं, गिअर बांधणं, जोडकाम, सगळं त्याला येत होतं, आणि येतं हे त्याला माहीत होतं. पण ड्रायव्हर त्याला ‘मौलाचा सिद्राम’ म्हणत. चांगल्या कामाचं कौतुक करतानाही तसंच म्हणत. हे त्याला टोचायचं. कुणालाही टोचलं असतं.

फाट्यावर त्याने एक शेड घेऊन ठेवली होती. पाटीही रंगवून तयार होती. ‘सिद्राम मिस्त्री’. ती पोत्यात गुंडाळून भिंतीला टेकवली होती. पोतं काढायचं राहिलं होतं, कारण अजून टॉमी मिळायची होती.

टॉमी म्हणजे टायर उचकटायची लोखंडी पट्टी, हातभर लांब. मौलांची टॉमी वापरून वापरून गुळगुळीत झाली होती. गॅरेजमधून गाडी बाहेर पडण्याआधी मौला त्या टॉमीने प्रत्येक टायर वाजवत. हवा पुरती असेल तर टायर टण्ण बोलतो. नसेल तर बोलत नाही, कुरकुरतो. सगळे टायर वाजवून झाले की मौला म्हणत, “जा.” त्याशिवाय चिंचेच्या सावलीतून कुणी गाडी हलवत नसे.

शिकून तयार झालेल्या शागिर्दाला उस्ताद आपली टॉमी देतो; मौलांनी ती आजवर एकालाच दिली होती. तो माणूस आता मिरजेला आहे, आणि त्याच्या दारात ड्रायव्हर चावी ठेवून निर्धास्त जेवायला जातात. मौलांनी नंतर दुसरी टॉमी घेतली. ती कुणाला मिळणार, हे त्या रस्त्यावर सगळ्यांना ठाऊक होतं. कधी मिळणार, हे कुणालाच नव्हतं.

अशात यल्लाप्पा आला.

यल्लाप्पा पाथरवट. जाती, पाटे, वरवंटे, उखळं घडवायचा आणि पिकअपमध्ये भरून खिंडीपलीकडच्या बाजाराला न्यायचा. पिकअपला मागे एकेकच चाक होतं.

“मिस्त्री,” तो मौलांना म्हणाला, “मागं जोड चाकं बसवून द्या. दोनाची चार करा.”

“का?”

“वळणावर डुलती गाडी. दगूड भरला की ढुंगण हलवत चालती. पुढं शेजारी बायको असती, सासू असती, मांडीवर तान्ही पोरगी. मला घाम फुटतो.”

“माल कमी भर.”

“कसा कमी भरू? अर्धं जातं कोण घेतंय?”

मौला हसले. यल्लाप्पाशी बोलताना ते नेहमी हसत. दगड फोडणारा माणूस त्यांना आवडायचा.

“चार केली म्हणून माल वाढवायचा न्हाई,” ते म्हणाले. “आख तोच हाय. स्प्रिंगचे पाटे तेच हायत. ब्रेकबी तोच.”

“न्हाई वाढवत. आईशप्पत. फकस्त बिनघोर व्हायचं हाय.”

“बिनघोर...” मौला म्हणाले. “दोन हायत तवा दोनाची काळजी हाय. चार झाल्यावर काय करशील?”

सिद्राम मध्येच म्हणाला, “चार असली की एक गेलं तरी दुसरं तोलतं, उस्ताद. काळजी उलटी कमी व्हती.”

मौलांनी त्याच्याकडे पाहिलं.

“चारातली दिसत्यात किती?”

“दोन.”

“हं,” मौला म्हणाले, आणि चुन्याची डबी शोधू लागले.

सिद्रामने तो विषय तिथेच सोडला. त्याच्या डोक्यात दुसरंच चाललं होतं.

“हे काम मी करतो,” तो म्हणाला. “एकटा. तुमी हात लावायचा न्हाई, सांगायचं न्हाई.”

“बरं.”

“आन् झाल्यावर टॉमी...”

“झाल्यावर बघू.”

अकरा वर्षांत ‘बघू’ हा शब्दसुद्धा पहिल्यांदाच ऐकायला मिळाला होता. सिद्रामने त्याच दुपारी गाडी जॅकवर चढवली.

काम चांगलं झालं, हे आधीच सांगून टाकतो. पुढे जे घडलं त्यावरून सिद्रामला काम येत नव्हतं असं कुणी समजू नये.

त्याने खोल पोटाच्या डिस्क आणल्या, म्हणजे दोन चाकं पाठीला पाठ लावून बसतील. हबचे जुने बोल्ट काढून लांब बोल्ट बसवले. आतला टायर स्प्रिंगच्या पाट्याला घासू नये म्हणून चार बोटं जागा सोडली. दोन टायरांच्या मधे तीन बोटं, नाहीतर रस्त्यावरचा दगड तिथे अडकून बसतो. ब्रेकची नळी वळवून बांधली. हौद्याखालचे मडगार्ड रुंद केले. आखाची बेअरिंग काढून पाहिली, जुनी वाटली, बदलली.

टायर चारही एकाच मापाचे, एकाच दिवशी घेतलेले. तरी त्याने चौघांवरून सुतळी ताणून उंची पाहिली. जोडीतला एक जरी बोटभर उंच असला तरी सगळा भार तो एकटा उचलतो आणि दुसरा नुसता मिरवतो. सुतळी चौघांना सारखी टेकली.

शनिवारी त्याने सगळ्यांत साठ हवा मारली. बाहेरच्या डिस्कला गोल खिडक्या होत्या. त्यांतून हात घालून आतल्या टायरच्या तोंडाला, म्हणजे हवा भरायच्या व्हॉल्व्हला, हवा मोजायचं गेज लावता येत होतं. साठ म्हणजे साठ.

मौला चिंचेखाली बसून होते. एकदाही उठले नाहीत, एकदाही बोलले नाहीत. सिद्रामच्या मनासारखंच चाललं होतं, तरी त्याला राग येत होता. न बोलणारा उस्ताद पाठीवर ओझ्यासारखा बसतो.

“काही चुकलं असंल तर सांगा,” तो न राहवून म्हणाला.

“सांगायचं न्हाई असं ठरलंय,” मौला म्हणाले.

सोमवारी गाडी गॅरेजमध्येच ठेवून, तिचा बदल कागदावर चढवून घ्यायला सिद्राम यल्लाप्पासोबत एसटीने तालुक्याला गेला. कागद झाले. येताना त्याने पत्रा आणला आणि पिवळा रंग आणला.

मंगळवारी त्याने बाहेरच्या दोन्ही डिस्कवर गोल पत्रे बसवले. चारी बाजूंनी रिबीट मारले. खिडक्या बुजल्या. बाहेरच्या टायरच्या तोंडासाठी मात्र त्याने आठवणीने भोक ठेवलं.

मौलांनी पहिल्यांदा तोंड उघडलं.

“पत्रा कशाला?”

“चिखल जायचा न्हाई आत.”

मौला पत्र्याकडे पाहत राहिले... मग चिंचेकडे.

बुधवारी पेंटर आला. पत्र्यावर काळा हात मारून त्याने पिवळ्या वळणदार अक्षरांत लिहिलं, ‘सिद्राम मिस्त्री, करंजफाटा’. डाव्या चाकावर एक, उजव्या चाकावर एक. अक्षरांना सपाट जागा लागते. ती जागा चिखलाच्या निमित्ताने आधीच झाली होती.

सिद्राम चार पावलं मागे जाऊन पाहत उभा राहिला. त्याला फार बरं वाटलं. स्वतःचं नाव ओलं असताना पाहण्याचं सुख ज्याने घेतलंय त्यालाच ते कळेल.

“गाडी चालली की नाव उलटं व्हईल,” मौला बसल्या जागेवरून म्हणाले.

“परत सुलटं बी व्हईल की, उस्ताद.”

मौला मोठ्याने हसले. सिद्रामही हसला. आठ दिवसांत दोघं पहिल्यांदाच एकत्र हसत होते, आणि सिद्रामला वाटलं, झालं. उद्या टॉमी मिळणार.

गुरुवारी सकाळी यल्लाप्पा नारळ घेऊन आला. दुसऱ्या दिवशी खिंडीपलीकडे बाजार होता, पण तो आजच निघणार होता. वाटेत घरून माल भरायचा, मुक्कामाला मेव्हण्याकडे. बायको, सासू आणि तान्ही मुलगी पुढे केबिनमध्ये जाऊन बसल्याही. सासूने पायाशी भाकरीचं गाठोडं ठेवलं. नव्या गाडीत बसल्यासारखी ती ऐटीत बसली होती.

यल्लाप्पाने नारळ फोडला. मागे गेला, चाकं पाहिली, परत आला.

“हत्तीगत दिसतीय,” तो म्हणाला.

सिद्रामने इस्त्रीचा शर्ट घातला होता. गॅरेजमध्ये इस्त्रीचा शर्ट घालून कुणी येत नाही. त्याने टॉमी आणून मौलांपुढे धरली.

“वाजवा, उस्ताद.”

मौला गुडघ्यावर हात ठेवून उठले. वर्षभर त्यांचे गुडघे धड वाकत नव्हते. उभ्या उभ्याच त्यांनी पुढचं डावं चाक वाजवलं.

टण्ण.

पुढचं उजवं. टण्ण.

मागे आले. उजवं. टण्ण. गाडीला वळसा घालून डावं. टण्ण.

ते थांबले. टॉमी तळहातावर आडवी धरून त्यांनी तिच्याकडे पाहिलं.

मग ती सिद्रामपुढे केली.

“घे.”

सिद्रामला आधी कळलंच नाही. मग कळलं. त्याने टॉमी घेतली, कपाळाला लावली, वाकून उस्तादांच्या पायांना हात लावला. यल्लाप्पाने टाळ्या वाजवल्या. केबिनमधल्या बायकांना काय झालं ते कळलं नाही, पण त्याही हसल्या.

“वाजव,” मौला म्हणाले.

“आं?”

“वाजव.”

“तुमी आत्ताच वाजवली की सगळी.”

“मी चार वाजवली.”

“मग?”

“गाडीला सहा हायत.”

सिद्राम हसला. उस्तादांचं गुडघ्याचं दुखणं त्याला माहीत होतं. खाली वाकून आतली वाजवणं त्यांना जमणार नाही, म्हणून मला सांगतायत, एवढंच त्याला वाटलं. त्याने जमिनीवर पोतं पसरलं आणि इस्त्रीच्या शर्टासकट गाडीखाली सरकला.

उजव्या जोडीतलं आतलं चाक. टण्ण.

तो कुशीवर वळला.

डाव्या जोडीतलं आतलं चाक.

थप्प.

त्याने पुन्हा मारलं, जरा जोरात.

थप्प. भिजलेल्या गोधडीवर मारावं तसं.

“आतनं फुटका हाय,” यल्लाप्पा पटकन म्हणाला.

आपण दगडाबद्दल नाही, चाकाबद्दल बोलतोय हे त्याच्या स्वतःच्याही उशिरा लक्षात आलं. दगड घेताना तो असाच हातोडीने वाजवून घेत असे, आणि असा बोलणारा दगड खाणीतच सोडून येत असे. जन्मभराची सवय. तोंडातून निघून गेलं.



सिद्राम बाहेर आला. शर्टाला ग्रीस लागलं होतं. त्याने धावत जाऊन हवेचं गेज आणलं, डाव्या चाकापाशी गुडघे टेकून बसला, हात पुढे केला...

आणि हात तसाच राहिला.

समोर पिवळ्या अक्षरांत त्याचं नाव होतं. गेज लावायला टायरचं तोंड पाहिजे. तोंड नावाच्या मागे होतं.

“खिळा लागला असंल,” तो हळू म्हणाला. “शनवारी साठ मारली व्हती, उस्ताद. मी सोता बघितली व्हती.”

“साठच व्हती.”

“मग?”

“मी काढली. सोमवारी. तू तालुक्याला गेलास तवा.”

सिद्राम उठून उभा राहिला.

“तुमी?”

“व्हय.”

“तुमी हवा काढली?”

“खिडकी व्हती तवर.”

“आन् मंगळवारी मी पत्रा ठोकत व्हतो... तवा बघत बसला?”

“व्हय.”

“आन् सांगितलं न्हाई!”

“सांगायचं न्हाई असं ठरलं व्हतं.”

सिद्रामचा चेहरा लाल झाला. त्याचा राग खरा होता आणि मी तर म्हणेन, रास्तही होता. अकरा वर्षं ज्याच्या हाताखाली काढली, त्या माणसाने पाठीमागे टायरची हवा काढावी?

“हे काय शिकवणं झालं?” तो म्हणाला. “चूक तुमी करायची आन् नापास मी व्हायचं?”

“खिळा सांगून घुसतो व्हय?”

“खिळा येगळा! खिळा माझा उस्ताद न्हाई!”

मौलांनी खिशातून चुन्याची डबी काढली. 

“तीन दिस गाडी हितं उभी हाय,” सिद्राम म्हणाला. “तिरकी झाली? बसली? कुणाला दिसलं का काही? भाईरचं तोलून व्हतं की! म्हणून तर जोड चाक असतं!”

“व्हय,” मौला म्हणाले. “म्हणूनच दिसलं न्हाई.”

सिद्रामने टॉमी बाजूच्या तेलाच्या ड्रमवर आपटली. चिंचेवरचे कावळे उडाले.

“ठेवा तुमची टॉमी. न्हाई पायजे मला.”

मौलांनी ती उचलली नाही. ते आपल्या जागी जाऊन बसले. यल्लाप्पा कधी याच्याकडे, कधी त्याच्याकडे पाहत होता. त्याच्या हातात अर्धा नारळ तसाच होता.

तेवढ्यात केबिनची काच खाली झाली आणि सासूने डोकं बाहेर काढलं. तिला वाचता येत नव्हतं. पण मघाशी जावयाने चाकावरचं नाव मोठ्याने वाचून दाखवलं होतं, ते तिने लक्षात ठेवलं होतं.

“सिद्राम मिस्त्री,” तिने हाक मारली.

सिद्रामने वळून पाहिलं.

अकरा वर्षं त्याने ज्याची वाट पाहिली, ते त्या रस्त्यावर आज पहिल्यांदा कुणीतरी म्हटलं होतं.

“गाडी पक्की हाय न्हवं, मिस्त्री?” ती म्हणाली. “पोरगी हाय मांडीवर.”

चिंचेखाली कॉम्प्रेसर धापा टाकत होता. तेवढाच आवाज.

‘हाय’ म्हणायला काही लागत नव्हतं. बाहेरचा टायर नवा होता, रिकामी गाडी त्याने आरामात नेली असती. घरून माल भरून निघाल्यावरही सपाटीला काही कळलं नसतं. कळलं असतं ते खिंडीतल्या तिसऱ्या वळणावर, उतरताना, जेव्हा दोघांचा भार एकट्याला पेलवला नसता.

सिद्रामला ते वळण स्वच्छ दिसलं. त्याला भीती वाटली. मग लाज वाटली.

“न्हाई, आज्जी,” तो म्हणाला. “पक्की न्हाई. उतरा खाली.”

“आं? आन् एवढं नाव लिवलंय ते?”

“उतरा.”

ती पुटपुटत उतरली. मागून तिची लेक उतरली, पोरीला खांद्यावर टाकून. यल्लाप्पाने भाकरीचं गाठोडं काढून घेतलं.

“म्हंजी मी गेलो असतो आज...” यल्लाप्पा म्हणाला.

“गेला असता,” सिद्राम म्हणाला. “माझ्या पत्र्यापायी.”

यल्लाप्पाने चिंचेखाली बसलेल्या मौलांकडे बोट केलं. “पर हवा तर ह्यांनी...”

“हवा कुणी बी काढली असती. बघायची वाट मी बंद केली.”

त्याने छिन्नी घेतली, हातोडा घेतला, आणि डाव्या चाकापाशी बसला.

पहिला रिबीट तुटायला वेळ लागला. त्याचं कामच पक्कं होतं. दुसरा, तिसरा, चौथा. पत्रा वाकला, ‘मिस्त्री’ची अक्षरं मधोमध दुमडली आणि पत्रा खणखणत जमिनीवर पडला.

खिडक्या उघड्या झाल्या. आत, अंधारात, टायरचं तोंड होतं. सिद्रामने खिडकीतून हात घालून गेज लावलं. काटा सहावर.

त्याने कॉम्प्रेसरची नळी आणली आणि हवा भरायला लागला. दहा. पंचवीस. चाळीस. आतलं चाक हळूहळू ताठ होत गेलं, आणि बाहेरच्यावरचा ताण किंचित सैल झाल्यासारखा वाटला. कदाचित ते त्याला नुसतं वाटलं असेल.

साठ.

मग तो उजव्या बाजूला गेला.

“तिकडचं चांगलं हाय की,” यल्लाप्पा म्हणाला. “टण्ण बोललं.”

“आज बोललं.”

आणि त्याने उजवा पत्राही तोडला.

मग त्याने यल्लाप्पाला बोलावून बाजूला बसवलं. खिडकीतून हात कसा घालायचा, तोंड कुठे सापडतं, गेज कसं दाबायचं, सगळं दाखवलं. आपलं गेज त्याच्या खिशात घातलं.

“आन् रोज निघताना वाजवायची. सहाच्या सहा. खाली वाकून. शर्ट मळला तरी.”

“मला नको शिकवू,” यल्लाप्पा म्हणाला. “दगडाचंच काम हाय हे. मला आवाज कळतो.”

“म्हायती हाय. मघाशी माझ्याआधी तुलाच कळलं.”

यल्लाप्पा यावर खूश झाला. माणूस साधा होता, घाबरला लवकर आणि निवळलाही लवकर.

सिद्राम ड्रमपाशी गेला. टॉमी तिथेच होती.  त्याने ती उचलली. मौलांकडे न बघता तो पुढच्या डाव्या चाकापाशी गेला.

टण्ण. पुढचं उजवं, टण्ण. मागचं बाहेरचं. मग पाठीवर आडवा होऊन आतलं. मग दुसऱ्या बाजूचं बाहेरचं. मग पुन्हा जमिनीवर, पुन्हा आतलं.

टण्ण.

सहा.

बायका परत केबिनमध्ये बसल्या. या वेळी सासू चढता चढता थांबली.

“आता रं?” तिने विचारलं. ‘मिस्त्री’ म्हणाली नाही.

“आता पक्की हाय, आज्जी.”

“बघ हां.”

“बघितलंय.”

यल्लाप्पाने गाडी सुरू केली. काचेतून डोकं काढून, दोघांच्या मधे कुठेतरी पाहत, नेहमीच्या सवयीने त्याने आवाज दिला,

“मिस्त्री, निघू का?”

सिद्रामने मौलांकडे पाहिलं. मौला चिंचेच्या शेंड्याकडे पाहत होते. यंदा चिंच कमी लागली होती, तिच्यात बघण्यासारखं काही नव्हतं.

गाडी थांबलेली. इंजिन सुरू.

यल्लाप्पा वाट पाहत होता.

“जा,” सिद्राम म्हणाला.

गाडी सावलीतून बाहेर पडली, रस्त्याला लागली, खिंडीच्या दिशेने चढू लागली. मागची चारही चाकं उघडी, काळी, नावाशिवायची. पहिल्या वळणावर गाडी डुलली नाही.

ती दिसेनाशी होईपर्यंत दोघंही तिकडेच पाहत होते.

सिद्रामने जमिनीवरचे दोन्ही पत्रे गोळा केले. एक जरा सरळ करून पाहिला. पिवळा रंग अजून पुरता वाळला नव्हता, बोटाला लागला. तो मौलांपुढे येऊन उभा राहिला. एका हातात पत्रे, दुसऱ्या हातात टॉमी.

टॉमी त्याने पुढे केली.

“घ्या.”

मौलांनी दोन्ही हात पाठीमागे नेले.

“उस्ताद, घ्या. मघाशी मी आपटली.”

मौलांनी हात पुढे आणले नाहीत.

 सिद्रामने टॉमी खाली केली, आणि ती स्वतःच्या कमरेला, पट्ट्यात खोचली. त्याला ती जड वाटली. सकाळी कपाळाला लावली तेव्हा वाटली नव्हती.

“चूक माझी व्हती,” तो म्हणाला.

मौला तंबाखू मळत होते.

“पर एक सांगा...” सिद्राम म्हणाला. त्याने हातातल्या दुमडलेल्या पत्र्याकडे पाहिलं, रस्त्यापलीकडे फाट्यावर त्याची शेड होती तिकडे पाहिलं. पोत्यात गुंडाळलेली पाटी तिथे अजून भिंतीला टेकून होती. “अकरा वर्षं काम केलं. माणसानं नाव लिवावं का न्हाई?”

“लिवावं की.”

“पाटीवर?”

मौलांनी तळहातावरच्या तंबाखूवर टिचकी मारली.

“चाकावर लिवलं तर हे असं झालं.”

“हं.”

“मग लिवू कुठं?”

मौलांनी तंबाखूची चिमूट दाढेखाली धरली. हात झटकले. गुडघ्यावर भार देऊन ते उठले, आणि पत्र्याखाली उभ्या असलेल्या पुढच्या गाडीकडे चालू लागले. जाता जाता म्हणाले,

“आतल्या चाकावर.”